‘फ्लर्टेशन’ला छेडछाड म्हणू नका

विचारणा अशी आहे: एकोणिसाव्या शतकात युरोपात श्रीमंती दिवाणखान्यांतल्या प्रेमखेळाची चित्रं निघाली. त्यातल्या ‘फ्लर्टेशन’ या शीर्षकाला मराठीत ‘छेडछाड’ म्हणावं का?

मुळीच नाही. छेडछाडीची तक्रार पोलीस चौकीत नोंदवतात! हा शब्द हल्ली वाटेल तिथे ठोकून देतात आणि दर वेळी माझं डोकं उठतं. फ्लॉरेन्सचा चित्रकार फेदेरिको अन्द्रेओत्ती (१८४७–१९३०) किंवा अशीच दिवाणखाने रंगवणारा चित्रकार फ्रेदेरिक सुलाक्रवा, यांची चित्रं नीट बघा. साटिनच्या प्रत्येक चुणीवर उजेड, कोचावर रेललेली बाई, वाकून बोलणारा पुरुष. ती त्रासलेली नाही, तीही खेळतेय.

आता ‘फ्लर्ट’ या शब्दाकडे येऊ. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्लरते’ (fleureter) म्हणजे फुलाफुलांवर बागडणं, गोडगोड बोलणं. त्यातून ‘फ्लर्ट’ आला, असं कितीतरी जाणकार छातीठोकपणे सांगतात. व्युत्पत्ती देखणी आहे, पण मला ती साफ नामंजूर आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फ्लर्ट’ म्हणजे झटका, टिचकी. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशातही या नामाचा पहिला अर्थ ‘चपळ, लवचीक झटका’ हाच आहे. पंखा ‘फ्लर्ट’ करणं म्हणजे घडीचा विंझणा मनगटाच्या हिसक्याने फटकन उघडणं, मिटणं. प्रेमखेळाचा अर्थ मागाहून, अठराव्या शतकात रुळला. शिवाय खुद्द फ्रेंचांनी प्रेमखेळासाठी ‘फ्लर्ते’ (flirter) हे वेगळं क्रियापद एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून उसनं घेतलं. घरचाच शब्द होता, तर उसना कशाला आणला? फुलवाल्यांनी याचं उत्तर द्यावं. माझ्या मते प्रेमाचा अर्थ त्या पंख्याच्या झटक्यातूनच आला. म्हणून अशा चित्रात मी आधी बाईच्या हातातला पंखा शोधतो.

आणि आपल्याकडे काय आहे, बघा: ‘पालवणे’! पालव म्हणजे पदर. पदर किंवा हात हलवून लांबच्याला खुणावलं की ते पालवणं. तिकडे पंखा, इकडे पदर; हालचाल मनगटाचीच. बोटांच्या खुणांनी बोलणं ती करपल्लवी, डोळ्यांनी बोलणं ती नेत्रपल्लवी. यातला ‘पल्लव’ कोवळ्या पालवीचा, असं म्हणतात. मी तो पदराचाच मानतो. पालवी खुणावत नाही, पदर खुणावतो.

तेव्हा चित्राखाली ‘नेत्रपल्लवी’ लिहा.