शाळेत शिकणाऱ्या किशोरवयीन हेराची चांगली कादंबरी कोणती?

मी डोळे मिटून रॉबिन बेनवे यांची 'ऑल्सो नोन ॲज' (2013) सुचवेन. मॅगी सिल्व्हर सोळा वर्षांची आहे. आईवडील दोघेही एका गुप्त संघटनेचे हेर, आणि ती स्वतः कुलपं-तिजोऱ्या उघडण्यात तरबेज. तिची पहिली स्वतंत्र कामगिरी न्यूयॉर्कमधल्या एका खासगी शाळेत आहे. संघटनेचं बिंग फोडणारा लेख एक संपादक छापणार असतो. त्याच्या मुलाशी, जेसीशी, मैत्री करून ती माहिती काढायची.

यात मला सगळ्यात भिडलं ते कुलपांचं. आकडे फिरवून उघडायच्या तिजोरीत आतल्या चकत्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की ती उघडते. त्यासाठी बोटांना बारीकसा अडथळा जाणवावा लागतो, हात स्थिर हवा, घाई चालत नाही. हे सगळं मॅगीला येतं, पण वर्गात कुणाशी कसं बोलायचं, हे मात्र येत नाही. आयुष्यभर देशोदेशी फिरलेली मुलगी, तिला कधी मैत्रीणच मिळालेली नाही! म्हणून रू नावाच्या मुलीशी जुळणारी तिची मैत्री मला जेसीच्या प्रेमकथेपेक्षाही खरी वाटली. खोट्या ओळखीवर खरी मैत्री उभी राहते, तेव्हा आपल्यालाच धाकधूक होते.

हाणामारी फार नाही. तीच हवी असेल तर अँथनी हॉरोविट्झ यांची 'स्टॉर्मब्रेकर' (2000) घ्या, त्यात चौदा वर्षांचा ॲलेक्स रायडर आहे. मॅगीची गोष्ट आवडलीच, तर पुढचा भागही आहे: 'गोइंग रोग'.