दोनशे फोटो आणि एकही चेहरा नाही

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. सिम काढलेला जुना मोबाइल तिला दिला, तर आठवड्याभरात तिनं दोनशेच्या वर फोटो काढले. फरशी, खुर्चीचे पाय, दाराची कडी, माझे गुडघे. धड चेहरा एकातही नाही आणि निम्मे फोटो हललेले आहेत. चित्रं काढणं मात्र तिनं सोडलंय. कागद पुढे केला की ‘मला नाही येत, तू काढून दे’ म्हणते. वर्षापूर्वी हीच मुलगी भिंतींवर रेघोट्या ओढत होती. तिला नीट फोटो काढायला शिकवू का? चित्रकलेचा क्लास लावू का?

उत्तर : आधी एक विनंती करते. ते दोनशे फोटो पुसू नका.

ही चूक मी केलेली आहे. सव्वीस वर्षं मी बालवर्गात चित्रकला घेतली. शेवटच्या काही वर्षांत वर्गात एक साधा डिजिटल कॅमेरा असायचा, मुलं तो आळीपाळीनं वापरत. एका संध्याकाळी कॅमेऱ्यात जागा उरली नाही म्हणून मी हललेले, अर्धवट फोटो वेचून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांचा एक मुलगा कॅमेऱ्याचं बटण पुन्हापुन्हा दाबत शोधत बसला. ‘माझा फिरणारा पंखा कुठे गेला?’ मला त्या फोटोत नुसता पांढुरका डाग दिसला होता. खरं तर त्याचंच बरोबर होतं. उजेड कमी असला की कॅमेरा फोटो टिपायला जास्त वेळ घेतो, तेवढ्यात पाती पुढे सरकतात आणि त्यांचा फराटा उमटतो. त्यानं पंख्याच्या फिरण्याचाच फोटो काढला होता. त्यानंतर त्यानं पंखा कधी टिपला नाही. मला ते अजून बोचतं.

आता फरशीचं. साडेपाच वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. तुम्ही गुडघ्यांवर बसा आणि तिच्या उंचीवरून आपलीच खोली बघा. उभ्या माणसांचे चेहरे पार वर जातात. समोर येतात गुडघे, टेबलाची खालची बाजू, ड्रॉवरची मूठ, दाराची कडी. ती चेहरे टाळत नाहीये, तिला जे समोर दिसतं ते टिपते आहे. जाक आंरी लार्तीग हा फ्रेंच छायाचित्रकार १८९४ सालचा. सात-आठ वर्षांचा असताना त्याला वडिलांनी कॅमेरा दिला. पुढे १९०५च्या सुमारास त्यानं आपल्या खोलीतल्या खेळण्यातल्या मोटारींचा फोटो काढला, तो जमिनीलगत कॅमेरा ठेवून. मोठ्या माणसाला तिथे आडवं व्हावं लागलं असतं. मूल मुळात तिथेच असतं.

म्हणून ‘नीट’ फोटो शिकवण्याची घाई नको. एवढंच दाखवा : मोबाइल दोन्ही हातांत धरायचा, कोपरं पोटाला टेकवायची, बटण ठोसा मारल्यासारखं न दाबता हलकेच दाबायचं. आणि माणसाचा फोटो काढण्याआधी त्याला विचारायचं. हे शेवटचं आपणही पाळायला हवं. तिचे फोटो दहा ग्रुपवर पाठवण्याआधी तिला विचारा.

आठवड्यातून एकदा तिच्याजवळ बसा आणि त्यातले सहा फोटो तिला निवडू द्या. निवड तिचीच, तुम्हाला आवडलेला सातवा त्यात घुसवायचा नाही. ते कागदावर छापून आणा. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, त्यात उलटतपासणीचा सूर येतो. मी विचारते, ‘हा काढलास तेव्हा तू कुठे होतीस?’ मग मुलं उठून जागा दाखवतात, आडवी होतात, पलंगाखाली शिरतात. एका मुलीनं दाराच्या फटीचे अकरा फोटो काढले होते. हा प्रश्न विचारला तर ती दाराशी जाऊन बसली आणि म्हणाली, ‘इथून उजेड आत येतो. मी त्याची वाट बघत होते.’

आता ‘मला येत नाही’कडे येते. पाच-सहाव्या वर्षी मुलं आपलं चित्र शेजारच्याशी ताडून बघायला लागतात. त्यात छापील आकृत्या रंगवायला मिळाल्या की मांजर म्हणजे ती छापलेली मांजर, असं मनात बसतं. आपण ‘बघ, अशी काढायची’ म्हणून काढून दिली तर तेच आणखी पक्कं होतं. तेव्हा काढून देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. त्याऐवजी तिच्या सहा फोटोंपैकी एक मोठ्या कागदाच्या मधोमध चिकटवा, तेलखडू ठेवा आणि विचारा, ‘फोटोच्या बाहेर काय होतं?’ खुर्चीचा पाय फोटोत आहे, खुर्ची कागदावर वाढवायची आहे. इथे नक्कल करायला नमुनाच नसतो आणि बाहेर काय होतं ते फक्त तिलाच ठाऊक असतं. अडून बसलेली सगळ्यात जास्त मुलं मी या एका कागदावर परत हलताना पाहिली.

दुसरी माझी आवडती गोष्ट डिंकाशिवायची. ताटलीत बटणं, खडे, काड्या, दोऱ्याचे तुकडे, पुठ्ठ्याचे कपटे ठेवा. (घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणं नि खडे नकोत.) जमिनीवर मांडायचं, मनासारखं झालं की फोटो, मग मोडायचं आणि पुन्हा मांडायचं. काही चिकटत नाही, म्हणून काही बिघडतही नाही. खोडरबर मागणारी मुलं यात मोकळी होतात.

बक्षीस मात्र नको, स्टिकरही नको. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल.’ पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता प्रमाणपत्र दिलं, त्यांची ओढ कमी झाली नाही. मी ‘छान!’सुद्धा जपून वापरते. ‘ही रेघ कागदाच्या पार कडेपर्यंत नेलीस’ असं दिसेल तेच बोला. आपण खरंच बघितलं, हे मुलाला लगेच कळतं.

क्लास आत्ता नको. पुढे लावलात तर आधी तिथल्या भिंती बघून या. वीस मुलांच्या वीस चित्रांत तेच दोन डोंगर आणि मधला सूर्य असेल तर परत फिरा.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. कोणतेही रंग द्या, सगळे कालवून तपकिरी चिखल करतो. सुंदर चित्र डोळ्यांदेखत झाकून टाकतो. थांबवावं का?

उत्तर : थांबवू नका, आजोबा. त्याला चित्रापेक्षा रंगांचं काय होतं ते बघायचंय. एका वेळी दोनच रंग द्या, पिवळा आणि निळा. हिरवा त्याचा त्याला सापडू दे, सांगू नका. काही दिवसांनी पांढरा द्या. बरेच रंग एकत्र आले की तपकिरी होणारच, तेही त्याला कळायला हवं. झाकल्या गेलेल्या चित्राची हळहळ तुम्हाला वाटते, त्याला नाही. तेव्हा तो रंगवत असताना दर काही मिनिटांनी वरून कागदाचा फोटो घ्या, जमलं तर त्यालाच घेऊ द्या. नंतर ते फोटो दोघांनी ओळीनं बघा. शेवटचा तपकिरी कागद वाळला की मागे तारीख घालून तोही ठेवा.