वाचकांचे प्रश्न : वरची तुकडी आणि प्रतिभा

प्रश्न : माझा मुलगा नववीत असून त्याला आम्ही गावाहून लातूरला शिकवणीसाठी ठेवले आहे. तेथे चाचणीच्या गुणांवरून तुकड्या बदलतात आणि वरच्या तुकडीला मुले ‘जीनियस बॅच’ म्हणतात. मागच्या चाचणीत त्याचे गुण घसरले व तुकडी बदलली. तेव्हापासून “मी जीनियस नाही” असे म्हणून तो गणिताच्या वहीला हात लावत नाही. त्याच्या बुद्ध्यांकाची चाचणी करून घ्यावी का? आणि खरा जीनियस म्हणायचे तरी कोणाला?
— एक आई, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : ताई, एवढ्यासाठी चाचणी करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी अशी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला जास्तीची मदत लागेल हे कळावे म्हणून. हुशार मुलांची उतरंड लावणे हा तिचा हेतू नव्हता. पुढे तो उद्योगही झाला. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाची सुमारे दीड हजार मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्यांतली बरीच मुले चांगल्या हुद्द्यांवर पोहोचली, परंतु नोबेल पारितोषिक एकालाही मिळाले नाही. उलट, गुण कमी पडल्यामुळे ज्यांना वगळले होते त्यांतील विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. चाचणी झटपट उत्तर देण्याची क्षमता मोजते. ती उपयोगी आहेच, स्पर्धापरीक्षेत तर फारच. पण जो प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही, तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्यातून बहुधा चमत्कार तेवढा उचलला जातो. शाळेत असताना त्यांच्या हाती एक पुस्तक आले, ज्यात गणिताचे सुमारे पाच हजार निष्कर्ष बहुतांशी सिद्धतेशिवाय छापलेले होते. ते पाठ करून भागले असते. रामानुजन मात्र एकेक निष्कर्ष स्वतः सिद्ध करू लागले, आणि कागद महाग म्हणून पाटीवर मांडून, कोपराने पुसून पुन्हा मांडत राहिले. या नादात इतर विषयांत ते नापास झाले व कुंभकोणमच्या महाविद्यालयातली त्यांची शिष्यवृत्ती गेली. आजच्या हिशेबाने त्यांची तुकडी खालीच गेली असती.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या मुलाला करून दाखवावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ४ ही संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१, असे पाच प्रकार. ५ चे सात प्रकार होतात आणि १० चे बेचाळीस. १०० पर्यंत गेलो तर ते १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ भरतात. मॅकमहॉन या गणितज्ञाने २०० पर्यंतच्या संख्यांसाठी हे आकडे हाताने काढून तक्ता केला होता. तक्ता समोर असताना रामानुजन यांच्या लक्षात आले की ४, ९, १४, १९ अशा पाच-पाचच्या अंतराने येणाऱ्या संख्यांचे प्रकार ५, ३०, १३५, ४९० असे आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी पाचाने भाग जाणारे. बेरजेच्या प्रश्नात भागाकार असा शिस्तीने का डोकावावा? रामानुजन तेवढ्यावर थांबले नाहीत. हे सर्वत्र खरे ठरते याची सिद्धताही त्यांनी दिली, आणि त्या वाटेने पुढचे गणितज्ञ आजही चालत आहेत. सर्वांसमोर असलेल्या गोष्टीत कोणाला न दिसलेले दिसणे, ते नेटाने पडताळणे, आणि नंतर ते इतरांनाही दिसू लागणे, याला मी प्रतिभा म्हणतो. ती झालेल्या कामावरून ओळखता येते. नववीतल्या मुलाच्या कपाळावर तिचा शिक्का मारता येत नाही, आणि ‘ती तुझ्यात नाही’ असा शिक्काही मारता येत नाही.

तेव्हा सध्या तुकडीचा विषय घरात काढू नये. रविवारी मुलाला भेटायला जाल तेव्हा ६ आणि ७ चे प्रकार त्याला वहीत मांडायला सांगा, वेळ लावू नका, आणि चुकले तर तुम्हीही शेजारी बसून मोजा. ६ चे अकरा होतात, ७ चे पंधरा. पुढे ९ चे तीस त्याचे त्यालाच मिळाले, तर वही पुन्हा उघडली आहे असे समजावे. शिकवणीच्या सरांशीही एकदा बोला. वर्गात ‘जीनियस’ हे विशेषण वापरू नये, अशी विनंती पालक नक्कीच करू शकतात.

प्रश्न : ज्ञानेश्वर महाराजांनी कोवळ्या वयात ज्ञानेश्वरी सांगितली. मग प्रतिभा उपजतच असते, हे मान्य करायला नको का?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : देणगी उपजत असू शकते, हे मान्यच आहे. मात्र आपेगावच्या या मुलाला निवृत्तिनाथांसारखा गुरू घरातच होता, नाथपंथाचा विचार मिळाला होता, आणि मराठीत तत्त्वज्ञान सांगण्याची वाटही अगदी कोरी नव्हती. आपल्याच गावाशी जोडलेल्या मुकुंदराजांचा विवेकसिंधू परंपरेने शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा मानला जातो. महानुभावांनीही मराठीलाच आपल्या पंथाची भाषा केले होते. यामुळे ज्ञानेश्वरांची थोरवी तसूभरही कमी होत नाही, कारण हे सारे इतरांनाही उपलब्ध होते आणि ज्ञानेश्वरी एकच झाली. तरीही ज्या घरात, ज्या भाषेत आधी कोणी काही पेरलेलेच नाही, तिथे उपजत देणगीचे काय होते हे आपण शिक्षक म्हणून माझ्याहून जास्त पाहिले असेल.