स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगरावर रेल्वेने जाऊन चालत उतरणं साठीच्या आईवडिलांना झेपेल का? चढायचं नाही म्हणजे सोपंच ना? रिटर्न तिकीट काढावं का?

झेपेल. पण 'चढायचं नाही म्हणजे सोपंच' असं तुम्ही लिहिलंय, ते आधी डोक्यातून काढा. चढताना लागलेला दम पाच मिनिटं टेकलं की जातो. उतरताना धरलेला गुडघा असा सुटत नाही.

माझा थोरला भाऊ सह्याद्रीतले गड पालथे घातलेला. 'गाडीने वर जायचं आणि चालत खाली यायचं, याला काय डोंगर केला म्हणतात?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. लुसर्नला असताना त्याने आईला सरळ सांगितलं, तू गाडीने जा आणि गाडीनेच ये. आई काही बोलली नाही. मला मात्र ते फार लागलं.

सकाळी बोटीने रिगीच्या पायथ्याच्या फिट्झनाऊला गेलो. ही 1871 ची रेल्वे, युरोपातली पहिली दातेरी डोंगररेल्वे. माथेरानची गाडी वळणं घेत चढते, ही सरळ अंगावरच्या चढाला भिडते. रुळांच्या मधोमध शिडीसारखी पट्टी असते आणि गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर जातं. कुल्म शिखर 1798 मीटर, खाली फिट्झनाऊ 435 वर. हा फरक तिकिटावर दिसत नाही, मांड्यांना कळतो.

कुल्म ते मधला काल्टबाड थांबा ही वाट रुंद आणि सोपी. आई दोन काठ्या घेऊन, आखूड पावलं टाकत, उतार आला की अंग तिरकं करून उतरत होती. मध्येच थांबून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकायची. काल्टबाडला भाऊ म्हणाला, आता बस गाडीत. ती म्हणाली, 'तू हो पुढे.' त्यापुढे जंगल आणि खडा उतार. रोमिटीच्या थांब्यावर ती आपण होऊन म्हणाली, आता पुरे, आणि गाडीत बसली. भाऊ धावत खाली गेला. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठडा धरून उतरत होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कुठे थांबायचं ते ज्याला कळतं, त्याने डोंगर केला. चढला की नाही हा मुद्दाच नाही.

तर, सकाळी ताज्या पायांनी वर जा, उतरायला लागा, आणि पाय कुरकुरले की पुढच्या थांब्यावर गाडी पकडा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रिगीला वेगळं तिकीट लागत नाही. नसेल तर एकेरीच काढा, उरलेलं खालच्या थांब्यावरून. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नाही, वेळ लिहिलेली असते. तीत तुमचे थांबे धरलेले नसतात, म्हणून आईवडिलांसाठी दीडपट धरा.

हो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर काल्टबाडच्या खाली चालू नका. पाऊस पडून गेला असेल तर कोणीच नको, जंगलातली मुळं फार निसरडी होतात. आणि शेवटच्या गाडीची वेळ वर जातानाच बघून ठेवा.