तीन दिवसांचा उपास करूनही आई बरी झाली नाही, म्हणजे देवाने माझा पश्चात्ताप स्वीकारला नाही का?

आपण पापांची कबुली दिलीत, तीन दिवस उपास केलात, तरी आईच्या प्रकृतीला उतार पडला नाही, आणि आता क्षमा झाली की नाही याचीच शंका आपल्याला वाटते आहे. त्या शंकेला पवित्र शास्त्रात आधार नाही, असे मी मनापासून सांगतो.

पवित्र शास्त्रातील २ शमुवेल या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायातला क्रम नीट पाहा. दावीद राजा ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ असे म्हणताच, परमेश्वराने त्याचे पाप दूर केल्याचे नाथान संदेष्टा त्याला सांगतो. दाविदाचे बाळ आजारी पडते आणि त्या बाळासाठीचा त्याचा उपास त्यानंतर सुरू होतो. म्हणजे दावीद जमिनीवर पडून अन्न नाकारत होता, तेव्हा त्याला क्षमा आधीच मिळालेली होती. सातव्या दिवशी बाळ गेले. सेवकांना ती बातमी सांगण्याचेही धैर्य होईना. पण दावीद उठला, त्याने स्नान केले, वस्त्रे बदलली, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन त्याला दंडवत घातले आणि मग घरी येऊन जेवण मागितले. मागितलेले मिळाले नाही, तरी ज्याच्याकडे मागितले त्याच्याकडे पाठ न फिरवणे, यालाच मी विश्वास म्हणतो.

उपासाने देवाचे मन वळवता येत नाही. आपले मन मात्र मोकळे होऊ शकते. निनवे शहराच्या लोकांनी उपास केला, पश्चात्तापाची खूण म्हणून गोणपाट नेसले, तरी देवाने पाहिले ते त्यांचे दुष्ट मार्गापासून फिरणे, असे योनाच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. (आपण स्वतः औषधे घेत असाल किंवा रात्री आईची शुश्रूषा करत असाल, तर कृपया पुन्हा अन्न सोडू नका.)

माझे वडील आजारी असताना मीही उपास धरला होता. दुसऱ्या दिवशी यशया ५८ वाचताना, उपास करूनही भांडणतंटा करणाऱ्यांविषयीच्या चौथ्या वचनापाशी मी थांबलो, कारण थोरल्या भावाशी मी चार वर्षे बोललो नव्हतो. त्याच संध्याकाळी त्याला फोन केला. त्याने तो उचलल्यावर बराच वेळ आम्हा दोघांनाही शब्द सुचेनात. वडील महिन्याभराने गेले. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली जागरणे आम्ही दोघांनी वाटून घेतली होती.