लीजवरच्या आणि कर्जावरच्या गाड्यांची निगा खरोखर कोण राखतो?

लीजवर किंवा कर्जावर घेतलेल्या गाड्यांची चालक नीट काळजी घेतात का, आणि लीज संपवून परत आलेली तीन वर्षांची गाडी विकत घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. परत आलेल्या गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लीज आणि कर्ज ही नावे लोक एका दमात घेत असले, तरी या दोन गाड्यांकडे चालक निरनिराळ्या नजरेने पाहत असतो. कर्जावर गाडी घेणारा माणूस तिचा मालक असतो; हप्ते फिटेपर्यंत ती तारण असते, इतकेच. लीजवर घेणारा मात्र मालक नसतो आणि बहुतेक वेळा त्याला व्हायचेही नसते. त्यावरून ‘दुसऱ्याची गाडी, कशीही हाणा’ असा समज पसरलेला आहे. माझ्या अनुभवात तो निम्माच खरा आहे, कारण आज केलेल्या हयगयीची पावती उद्या कोणाच्या नावावर फाटणार, याचा हिशेब माणूस नकळत करत असतो आणि निगा त्या हिशेबाप्रमाणे राखली जाते.

लीजचा नेहमीचा करार दोन ते चार वर्षांचा असतो. मुदतीअखेर गाडीची किंमत किती उरेल हे करार करतानाच गृहीत धरतात, आणि नव्या गाडीची किंमत व ही उरणारी किंमत यांतला फरक व्याजासह मासिक भाड्यात विभागतात. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालवायची यालाही मर्यादा असते; ती बहुधा १५,००० ते २५,००० च्या आसपास असते आणि ओलांडल्यास दर जादा किलोमीटरमागे आकार पडतो. गाडी परत देताना तपासणी होते, नेहमीच्या वापरातली झीज सोडून दिली जाते आणि त्यापलीकडचे नुकसान चालकाकडून वसूल केले जाते. ही तपासणी कशाची होते ते मात्र पाहण्यासारखे आहे. दारावरचे ओरखडे, बंपरला आलेले पोचे, रिमवर घासल्याच्या खुणा, काचेचा तडा, सीटवरचे डाग, टायरच्या नक्षीची खोली, म्हणजे जे डोळ्यांना दिसते तेवढेच तपासले जाते. इंजिन उघडून पाहायला कोणाला वेळही नसतो आणि करारात तशी तरतूदही नसते.

त्यामुळे लीजवरून परत आलेली गाडी दिसायला बहुधा छान असते, पुष्कळदा घरच्या वापरातल्या गाडीपेक्षाही छान. परत देण्याची तारीख जवळ आली की चालक पॉलिश करून घेतो, पोचे काढून घेतो, आतले गालिचे धुऊन घेतो. टायर गुळगुळीत झाले असतील तर तेही बदलतो, पण कसे बदलतो ते जवळून पाहावे. टायरच्या बाजूवर एक चार अंकी आकडा कोरलेला असतो. त्यातले पहिले दोन अंक वर्षातला कितवा आठवडा ते सांगतात आणि पुढचे दोन अंक उत्पादनाचे वर्ष. ‘२३२२’ असेल तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी तीन वर्षांची, मागचे दोन टायर मूळचे, आणि पुढचे दोन चार महिन्यांपूर्वीचे व कधी नाव न ऐकलेल्या स्वस्त कंपनीचे, असे दिसले की त्या चालकाचे धोरण कळते. तपासणीत पास होण्यापुरता खर्च करायचा आणि त्याहून एक पैसा जास्त घालायचा नाही, असे ते धोरण असते. यात बेकायदा काही नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच केले असते. पण ज्याने टायरच्या बाबतीत असा विचार केला, त्याने ऑइलच्या बाबतीत निराळा केला असेल असे मानायला मी तयार नसतो.

ज्या हयगयीचे परिणाम तीन वर्षांत दिसत नाहीत, तिथेच खरी मेख आहे. बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिन ऑइल १०,००० ते १५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचे असते. एखादा बदल चुकवला किंवा सहा-सात हजार किलोमीटर लांबवला, तर इंजिन लगेच तक्रार करत नाही. ऑइल हळूहळू घट्ट होते, त्याचा काळा गाळ बारीक वाहिन्यांत साचतो, आणि त्याचा फटका बसतो तो ८०,००० किंवा १,००,००० किलोमीटरनंतर, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या काळात. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, गोष्ट अशीच आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. महामार्गावर जोरात हाणलेली गाडी थांबवून लगेच इंजिन बंद करण्याची सवय असेल, तर तिथले ऑइल जळून कडक थर बसत जातो. सकाळी गाडी सुरू करताच इंजिन किंचाळेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबणारे चालकही पुष्कळ असतात. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो, आणि ऑइल कूलंटच्या मागून बऱ्याच वेळाने तापते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ४ प्रतीच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी त्या प्रतीत बसतो. रोजच्या गर्दीत चालवताना हा फरक जाणवत नाही. लांब घाट उतरताना ब्रेक तापले की जाणवतो. तीन वर्षांनी गाडी सोडून देणाऱ्याला या कशाचीच झळ लागत नाही.

अर्थात सर्व्हिसिंगचे पैसे कोण देतो यावर बरेच अवलंबून असते. काही लीज करारांत देखभाल भाड्यातच धरलेली असते, आणि अशा गाड्यांची नोंदवही मला सहसा चोख आढळते, कारण खर्च आधीच दिलेला असल्याने सर्व्हिसिंग टाळून चालकाची कसलीच बचत होत नाही. शिवाय लीज देणाऱ्या कंपनीचा जीव त्या उरणाऱ्या किमतीत अडकलेला असतो, म्हणून तीच आठवण करून देत राहते. देखभाल चालकाच्या माथी असते तिथे शेवटचे वर्ष नेहमी संशयाचे असते. पहिली दोन सर्व्हिसिंग वेळेवर झालेली दिसतात. तिसऱ्याच्या वेळी गाडी परत द्यायला चार-पाच महिने उरलेले असतात आणि ‘आता कशाला’ असा विचार मनात येतो.

कार्यालयांनी लीजवर घेतलेल्या गाड्यांत मी आणखी एक फरक करतो. एकाच कर्मचाऱ्याला नेमून दिलेली गाडी आणि ज्याला हवी त्याने किल्ली उचलावी अशी सामाईक गाडी, यांत अंतर असते. पहिल्या गाडीत माणूस रोज बसतो, तिची खडखड त्यालाच ऐकावी लागते, बंद पडली तर वाटेत तोच अडकतो. म्हणून मालकी नसली तरी तो बऱ्यापैकी लक्ष देतो. सामाईक गाडीत डॅशबोर्डवर पेटलेला दिवा कालही पेटलेला होता असे प्रत्येक जण धरून चालतो. माझ्याकडे येणाऱ्या सर्वांत वाईट गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

लीजच्या गाड्यांची एक जमेची बाजू मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन असे दाखवले होते की, विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजारात खराब माल जास्त येतो आणि चांगला माल घरीच राहतो. २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मालकाने स्वतःहून विकायला काढलेली गाडी पाहताना म्हणूनच ‘हा का विकतो आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो. लीजची गाडी परत येते ती तारीख उलटली म्हणून. तिच्यात खोट निघाली म्हणून ती बाजारात आलेली असतेच असे नाही. यालाही अपवाद आहे. अनेक करारांत मुदतीअखेर ठरलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याची सवलत चालकाला असते, आणि गाडी मनासारखी असली व बाजारभाव ठरलेल्या किमतीहून चढा असला तर तो ती सोडत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये चिपच्या टंचाईने वापरलेल्या गाड्यांचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेत अनेक लीजधारकांनी नेमके हेच केले. म्हणून बाजारभाव चढा असतानाही परत आलेल्या गाडीकडे मी थोडे अधिक बारकाईने पाहतो.

आता कर्जावरच्या गाड्या. तिथे पावती चालकाच्याच नावावर फाटणार असते, म्हणून सुरुवातीची निगा सहसा उत्तम असते. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लास्टिक वर्षभर न काढणारी माणसे बहुधा कर्ज घेतलेलीच असतात. अडचण येते ती पैशाची ओढाताण सुरू झाली की. हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी फोन येतो; सर्व्हिसिंग चुकले तर कोणी विचारत नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट कर्जाच्या करारात असते, पण हप्ते वेळेवर येत आहेत तोवर ती पाळली जाते का, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. त्यामुळे खर्च कापायची वेळ आली की कात्री आधी देखभालीला लागते: ऑइल पुढच्या महिन्यात, ब्रेक पॅड दिवाणखान्यात आवाज ऐकू येईपर्यंत थांबवू, बेल्टचे नंतर बघू. त्यात कर्ज सहा-सात वर्षांचे असेल तर आणखी एक गोष्ट होते. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, मुद्दल मात्र हळू फिटते, आणि बराच काळ गाडीच्या किमतीपेक्षा देणेच जास्त असते. आपल्या हाती काहीच शिल्लक नाही अशी भावना एकदा झाली, की कागदोपत्री मालक असलेला माणूसही भाडेकरूसारखा वागू लागतो.

याचे टोकाचे रूप म्हणजे हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने ओढून नेलेली गाडी. हप्ते थकण्याच्या कितीतरी आधी तिचे सर्व्हिसिंग थांबलेले असते, आणि जप्तीनंतर ती महिनोन्‌महिने उघड्या आवारात उभी राहिल्याने बॅटरी उतरलेली, टायर एका बाजूने बसलेले, ब्रेकच्या डिस्क गंजलेल्या असतात. लिलावात ती स्वस्त दिसते. स्वतःचा विश्वासू मेकॅनिक सोबत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, असेच मी सांगेन.

विजेवरच्या गाड्यांनी हाच प्रश्न नव्या जागी नेला आहे. ऑइल नाही, पण बॅटरी आहे, आणि अनेक प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या रोज पूर्ण भरून तशाच उभ्या ठेवल्या, विशेषतः उन्हात, तर त्यांची क्षमता लवकर घटते. बॅटरीची हमी सहसा आठ वर्षांची असते. तीन वर्षांसाठी गाडी घेतलेल्या माणसाला चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याचे कारण काय? म्हणून अशा गाडीत बॅटरीची उरलेली क्षमता किती टक्के आहे याचा लेखी अहवाल हाती असल्याशिवाय बोलणीच करू नयेत.

तुम्ही पाहत असलेल्या गाडीबद्दल बोलायचे, तर ती लीजची आहे हे कारण नकार द्यायला मला पुरेसे वाटत नाही. सर्व्हिसिंगच्या नोंदी तारीख आणि किलोमीटरसह मागा आणि शेवटच्या वर्षाचे पान आधी उघडा. इंजिनावरचे ऑइल भरायचे झाकण काढून आतल्या बाजूला बोट फिरवा. तपकिरी ओशटपणा ठीक आहे, काळा चिकट थर ठीक नाही. गाडी सकाळी, इंजिन गार असताना, तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, कारण तापलेले इंजिन बऱ्याच गोष्टी लपवते. स्कॅनर लावणारा मेकॅनिक मिळाला तर बिघाडाचे कोड पाहण्याबरोबरच, ते कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली आहे हेही त्याला वाचायला सांगा. तो आकडा वीस-पंचवीस निघाला, तर तुम्हाला दाखवण्याआधी कोणीतरी काहीतरी पुसले आहे, आणि का पुसले याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. नोंदी नीट निघाल्या आणि गाडी घेतली, तर इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे विक्रेता म्हणाला तरी ते कधी बदलायचे याचे मत गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून घ्या.