आमचा दीड वर्षांचा लॅब्रेडोर मोजे गिळतो, काय करावे?
सर्वप्रथम मोजे, फडकी आणि मुलांची खेळणी बंद कपाटात ठेवा, कारण गिळलेले कापड आतड्यात अडकले तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. लॅब्रेडोर ही मुळात शिकार उचलून आणणारी जात असल्याने वस्तू तोंडात धरणे हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून मागे धावून ती हिसकावू नका, कारण घाईत तो ती गिळण्याचीच भीती असते, त्याऐवजी खाऊ देऊन ‘सोड’ ही आज्ञा शिकवा. नुसत्या फेरफटक्याने त्याचे भागणार नाही; जेवणाचा काही भाग लपवून तो वासाने शोधायला लावा. वारंवार उलट्या होणे, अन्न नाकारणे किंवा पोट फुगणे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, आणि गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर कृपया ओढू नका, त्याने आतडे कापले जाऊ शकते.